विश्लेषण : लिफ्ट उचलत नाही, म्हणजे ट्रॅक्टरचा पंपच गेला का?

वस्तू व सेवा करातील फेरबदलांनुसार २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर, ट्यूब आणि हायड्रॉलिक पंपासह अनेक सुट्या भागांवरील कर तर १८ टक्क्यांवरून थेट ५ टक्के झाला. नवा ट्रॅक्टर घेणे ज्यांच्या आवाक्यात नाही आणि जे वीस-पंचवीस वर्षे जुन्या ट्रॅक्टरवरच शेती करतात, त्यांच्यासाठी सुट्या भागांवरील कपात अधिक महत्त्वाची आहे. मात्र ‘लिफ्ट उचलत नाही’ या एका तक्रारीवर गावोगावच्या गॅरेजमध्ये पहिला उपाय सुचवला जातो तो पंप बदलण्याचा, आणि अनेकदा पंप बदलूनही लिफ्ट बसलेलीच राहते. असे का होते आणि बिघाड शोधण्याची योग्य रीत कोणती, याचा आढावा.

करकपातीचा नेमका फायदा किती?

एखाद्या पंपाची करपूर्व किंमत १० हजार रुपये धरली, तर पूर्वी तो ११ हजार ८०० रुपयांना पडत असे. विक्रेत्याने करकपात पूर्णपणे ग्राहकापर्यंत पोहोचवली तर आता तोच पंप १० हजार ५०० रुपयांना मिळतो. बचत १,३०० रुपयांची. पण मूळ बिघाड पंपात नसेल तर १० हजार ५०० रुपये वाया जातातच. शिवाय ट्रॅक्टर खोलण्याची मजुरी, सांडलेले किंवा बदललेले तेल आणि ऐन पेरणीत गेलेले दिवस यांचा खर्च वेगळा. वाफसा दोन-चार दिवसच टिकतो. त्या दिवसांत ट्रॅक्टर गॅरेजमध्ये उभा राहिला तर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने घ्यावा लागतो किंवा पेरणी लांबते. त्यामुळे सुटा भाग किती स्वस्त मिळाला यापेक्षा बिघाडाचे निदान बरोबर झाले की नाही, यावर दुरुस्तीचा खरा खर्च ठरतो.

ट्रॅक्टरची लिफ्ट चालते कशी?

ट्रॅक्टरच्या मागे दोन खालचे आर्म आणि एक वरची टॉप लिंक अशी तीन ठिकाणी अवजार जोडण्याची रचना असते. आयर्लंडमध्ये जन्मलेले अभियंते हॅरी फर्ग्युसन यांनी ती विकसित केली. हेन्री फोर्ड यांच्याशी झालेल्या समझोत्यानंतर १९३९ मध्ये आलेल्या फोर्ड ९एन या ट्रॅक्टरमुळे ती मोठ्या प्रमाणावर शेतात पोहोचली. पुढे जगभरच्या ट्रॅक्टर कंपन्यांनी ती स्वीकारली. भारतात १९६० च्या दशकापासून परदेशी कंपन्यांच्या सहकार्याने बनू लागलेल्या ट्रॅक्टरांतही हीच रचना आली आणि आजही ती कायम आहे.

लिफ्टमागचे तत्त्व पास्कलचे आहे. बंदिस्त तेलावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो. मागच्या हाउसिंगमधल्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर धरला तर पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर होते. तेलाचा दाब प्रति चौरस सेंटिमीटर १५० किलो असेल तर पिस्टनवर साधारण साडेसात टन जोर येतो. आतला आखूड आर्म आणि बाहेरचे लांब आर्म यांच्या तरफेमुळे आर्मच्या टोकाशी हा जोर बराच कमी होतो. म्हणूनच ३५-४० अश्वशक्तीच्या जुन्या ट्रॅक्टरांची उचलण्याची क्षमता साधारण एक ते दीड टनांच्या आसपास असते.

या साखळीत तेलाची टाकी किंवा हाउसिंग, तेल खेचणारी जाळी म्हणजे स्ट्रेनर, पंप, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह, तेलाला वाट दाखवणारा कंट्रोल व्हॉल्व्ह, सिलिंडर आणि चालकाच्या हाताशी असलेले लिव्हर असे दुवे आहेत. पंप हा त्यातला केवळ एक दुवा. बाकीच्या प्रत्येक दुव्यातील बिघाड चालकाला सारखाच दिसतो, तो म्हणजे लिफ्ट उचलत नाही.

पंप दाब तयार करतो, हा समज किती खरा?

निदान चुकण्याचे मूळ या समजात आहे. पंप तेल ढकलतो, म्हणजे प्रवाह तयार करतो. त्या प्रवाहाला अडथळा झाला की दाब वाढतो. अवजार मोकळे असताना दाब कमी असतो, जड पलटी नांगर उचलताना तो वाढतो आणि रिलीफ व्हॉल्व्हच्या मर्यादेला पोहोचला की व्हॉल्व्ह उघडून तेल परत टाकीत जाते.

प्रवाह आणि दाब वेगळे केले की तक्रारीही वेगळ्या होतात. लिफ्ट सावकाश उचलते, ही प्रवाहाची तक्रार. हलके अवजार उचलते पण जड उचलत नाही, ही दाबाची तक्रार. उचलते पण वर टिकत नाही, ही गळतीची तक्रार. उदाहरणार्थ, पंप मिनिटाला १७ लिटर तेल देत असेल आणि सिलिंडर भरायला साधारण अर्धा लिटर लागत असेल, तर आर्म तळापासून वरपर्यंत जायला दोन सेकंदांच्या आसपास वेळ लागायला हवा. त्याच ट्रॅक्टरला सहा-सात सेकंद लागू लागले तर तेलाचा तिसरा हिस्साच सिलिंडरपर्यंत पोहोचतो आहे, हे मोबाइलवरच्या घड्याळावरूनही कळते.

कोणते लक्षण काय सांगते?

अवजार वर करून इंजिन बंद केल्यावर ते हळूहळू खाली बसत असेल, तर पंपाला दोष देण्यात अर्थ नाही. इंजिन बंद असताना पंप फिरतच नसतो. अशा वेळी सिलिंडरमधली ओ-रिंग किंवा पिस्टन सील, तेल अडवून धरणारे व्हॉल्व्ह किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमधली झीज यांपैकी कुठून तरी तेल निसटत असते. तरीही या तक्रारीवर नवा पंप बसवला जातो आणि चार दिवसांनी मालक पुन्हा गॅरेजच्या दारात उभा राहतो.

इंजिन सुरू असताना आर्म दर काही सेकंदांनी किंचित खाली येऊन पुन्हा वर उडत असतील, तर तेही बहुधा गळतीचेच लक्षण. तेल निसटल्याने आर्म खाली येतो, पोझिशन कंट्रोलला ते जाणवते आणि तो आर्म पुन्हा वर घेतो. इथे उलट पंप आपले काम करत असतो.

पंपातून कर्कश आवाज येत असेल आणि लिफ्ट धक्के देत असेल, तर शोषणाच्या बाजूला पाहावे लागते. तेल कमी आहे, जाळी चोंदली आहे किंवा सांध्यातून हवा आत खेचली जात आहे, या तीन शक्यता आधी तपासायच्या. तेलाला फेस असेल तर हवा आणि तेल दुधासारखे पांढरट दिसत असेल तर पाणी शिरले आहे. सकाळी लिफ्ट नीट चालते आणि दुपारी तेल तापल्यावर दम सोडते, ही तक्रार मात्र पंपाच्या किंवा व्हॉल्व्हच्या झिजेकडे बोट दाखवते. गरम तेल पातळ होते आणि झिजलेल्या फटींतून सहज मागे सरकते.

अवजार वर जाते पण खाली येत नाही, अशीही तक्रार येते. त्यात अनेक ट्रॅक्टरांवर सीटच्या खाली किंवा पुढे असलेली, अवजार खाली येण्याचा वेग ठरवणारी चकती पूर्ण बंद झालेली असते. वाहतुकीच्या वेळी ती कुणीतरी बंद केलेली असते आणि नंतर तिचा विसर पडतो. चकती मोकळी असूनही अवजार उतरत नसेल तर कंट्रोल व्हॉल्व्ह अडकला आहे का, हे पाहावे लागते.

तपासणीचा क्रम कोणता असावा?

फुकटच्या तपासणीपासून सुरुवात करून महागड्या तपासणीकडे जाणे, हा साधा नियम आहे. पहिली पायरी तेलाची. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, आर्म खाली ठेवून तेलाची पातळी पाहावी. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत गिअर आणि लिफ्ट यांचे तेल एकच असते, तर काहींत हायड्रॉलिकची टाकी वेगळी असते. कोणत्या दर्जाचे तेल घालायचे हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेनुसारच ठरते. डब्यात उरलेले कुठलेही तेल वर टाकले की दाट तेल थंडीत खेचले जात नाही आणि पातळ तेल उन्हात गळते.

दुसरी पायरी लिव्हर आणि बाहेरच्या जोडण्यांची. पोझिशन कंट्रोल अवजार ठरावीक उंचीवर धरतो. ड्राफ्ट कंट्रोल जमिनीचा विरोध टॉप लिंक किंवा खालच्या आर्ममार्फत ओळखून नांगर किंचित वर-खाली करतो. रोटाव्हेटर किंवा पेरणी यंत्राला पोझिशन, तर नांगरटीला ड्राफ्ट असा सर्वसाधारण वापर आहे. लिव्हर चुकीच्या जागी असेल, त्यांच्या दांड्यांतील पिना झिजल्या असतील किंवा टॉप लिंकच्या मागची स्प्रिंग सैल झाली असेल, तर पंप ठणठणीत असूनही लिफ्ट नीट वागत नाही. बाहेरचा सिलिंडर किंवा ट्रॉली जोडण्यासाठी तेलाची दिशा बदलणारा लिव्हर असेल, तर तोही लिफ्टच्या बाजूला आहे का हे पाहावे.

फर्ग्युसन पद्धतीच्या काही जुन्या ट्रॅक्टरांत पंप मागच्या हाउसिंगमध्ये, तेलात बुडालेला असतो आणि तो पीटीओच्या शाफ्टवर चालतो. अशा ट्रॅक्टरचा पीटीओ लिव्हर न्यूट्रलमध्ये राहिला तर पंप फिरतच नाही. सेकंडहँड ट्रॅक्टर घेतलेल्या नव्या मालकाला हे ठाऊक नसेल तर लिफ्ट मेली असे वाटते. बाहेर इंजिनवर गिअर पंप असलेल्या ट्रॅक्टरना ही अट लागू होत नाही. म्हणजे एका मॉडेलवर शिकलेली युक्ती दुसऱ्यावर तशीच चालेल, असे नाही.

तिसरी पायरी जाळीची. स्ट्रेनर काढून धुताना त्यात काय अडकले आहे हे पाहणे धुण्याइतकेच महत्त्वाचे. काळे रबरी तुकडे सील झिजल्याचे सांगतात. पिवळसर किंवा चकाकणारा धातूचा चुरा सापडला तर आतले बुश, गिअर किंवा पंप झिजत आहे. मळीसारखा गाळ असेल तर तेल वेळेवर बदललेले नाही. जाळी बसवताना तिची ओ-रिंग किंवा वायसर नवा घालावा. तोच सांधा हवा खेचू लागला तर नव्या पंपातूनही आवाज येतो.

चौथी पायरी टिकण्याची चाचणी. अवजार वर घेऊन इंजिन बंद करायचे, आर्मच्या टोकाची जमिनीपासूनची उंची टेपने मोजायची आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा मोजायची. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेत नव्या ट्रॅक्टरची चाचणी घेताना भार उचलून धरल्यावर तो ३० मिनिटांत किती खाली येतो, याची अशाच पद्धतीने नोंद होते. अंगणात त्यासाठी टेप आणि घड्याळ पुरते. मात्र मोजताना अवजाराखाली हात किंवा पाय घालायचा नाही.

दाब मोजण्याची गरज का?

इथपर्यंतच्या पायऱ्यांत बिघाड सापडला नाही, तरच ट्रॅक्टर खोलण्याचा विचार करावा आणि त्याआधी प्रेशर गेज लावावा. अनेक ट्रॅक्टरांच्या हायड्रॉलिक हाउसिंगवर किंवा पंपाच्या बाहेर जाणाऱ्या वाटेवर त्यासाठी प्लग असतो. तेल कामाच्या तापमानाला आल्यावर, पुस्तिकेत दिलेल्या इंजिनच्या फेऱ्यांवर दाब पाहायचा.

गेजने पुस्तिकेतला आकडा दाखवला आणि तरीही आर्म हलत नसतील, तर पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह दोन्ही निर्दोष आहेत. दोष पुढे सिलिंडर, कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा लिव्हरच्या जोडणीत आहे. दाब कमी भरला तर पंपाआधी रिलीफ व्हॉल्व्ह काढून पाहावा. त्याच्या बैठकीवर अडकलेला कचऱ्याचा कण किंवा तुटलेली स्प्रिंग एवढ्यानेही सगळे तेल मागे जाते. रिलीफ व्हॉल्व्ह स्वच्छ आहे, जाळी मोकळी आहे, तेल योग्य आहे आणि तरीही दाब भरत नाही, या टप्प्यावर पंपावर संशय घेणे रास्त ठरते. दाब पूर्ण भरतो पण लिफ्ट सावकाश आहे, अशा वेळी मात्र गेज पुरेसा नाही. झिजलेला पंपही वाट बंद असताना दाब दाखवू शकतो. तिथे प्रवाह मोजणारा मीटर किंवा आधी सांगितलेली सेकंदांची मोजणी उपयोगी पडते.

उचल वाढवण्यासाठी रिलीफ व्हॉल्व्हखाली वायसर घालून स्प्रिंग घट्ट करण्याची शक्कलही लढवली जाते. त्याने काही काळ जोर वाढल्यासारखा वाटतो, पण जास्तीचा दाब पंप, पाइप आणि प्रसंगी हाउसिंगवर येतो. बचावासाठी ठेवलेला व्हॉल्व्हच निकामी केल्यावर पुढचा बिघाड पहिल्यापेक्षा मोठा असतो.

जुन्या ट्रॅक्टरांतच तक्रारी का वाढतात?

वय हे एक कारण आहेच. रबरी सील कडक होतात, व्हॉल्व्हच्या फटी रुंदावतात. पण वापराच्या सवयीही तितक्याच कारणीभूत असतात. हायड्रॉलिकवर उचलणारी एकच ट्रॉली किंवा पलटी नांगर गावात तीन-चार ट्रॅक्टरना जोडला जातो. प्रत्येक वेळी नळीच्या टोकावरची धूळ आणि आधीच्या ट्रॅक्टरचे तेल पुढच्या ट्रॅक्टरमध्ये जाते. एकाचे तेल खराब असेल तर त्याचा त्रास सगळ्यांना होतो. जोडणी करताना टोके कापडाने पुसणे आणि काम झाल्यावर टोपण लावणे, एवढ्यानेही फरक पडतो.

कोकणात किंवा पूर्व विदर्भात भातखाचरात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरांची मागची हाउसिंग तासन्‌तास चिखलपाण्यालगत असते. झिजलेल्या सीलमधून पाणी आत शिरले तर तेल पांढरट होते, वंगण म्हणून निकामी ठरते आणि आतल्या भागांना गंज चढतो. अशा ट्रॅक्टरचे तेल हंगाम संपल्यावर तपासणे, हा पुढच्या हंगामाचा स्वस्तातला विमा आहे. ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला त्याच्या ताकदीबाहेरचा रोटाव्हेटर किंवा पलटी नांगर जोडणे, हेही लिफ्ट लवकर थकण्याचे कारण आहे.

कोणती काळजी जिवावरची आहे?

उचललेल्या अवजाराखाली शिरणे ही सर्वांत घातक चूक. अवजार केवळ तेलाच्या दाबावर तोललेले असते. ओ-रिंग फुटली किंवा कुणाचा हात लिव्हरला लागला तर ते क्षणात खाली येते. काम करायचे असेल तर अवजार जमिनीवर टेकवावे किंवा त्याखाली भक्कम आधार द्यावा. जॅकवर विसंबू नये. कोणताही पाइप किंवा प्लग सोडण्यापूर्वी अवजार खाली घेऊन, इंजिन बंद करून आणि लिव्हर हलवून दाब मोकळा करणे आवश्यक असते.

दुसरा धोका कमी लोकांना माहीत आहे. उच्च दाबाच्या नळीला बारीक छिद्र पडले तर त्यातून येणारी तेलाची धार सुईसारखी कातडीत घुसते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, पण आत तेल पसरून मांस सडू लागते आणि वेळीच शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. त्यामुळे गळती हाताने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवून ती शोधावी. धार लागलीच तर दुखत नसले तरी तातडीने रुग्णालय गाठावे आणि हे तेल दाबाखालचे होते, असे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

धोरणाचा संबंध कुठे येतो?

यांत्रिकीकरणाचे सरकारी धोरण प्रामुख्याने खरेदीभोवती फिरते. २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात नवी यंत्रे आणि भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रे यांना अर्थसाह्य मिळते. करकपातीनेही वस्तू स्वस्त केली. पण चालू स्थितीतला जुना ट्रॅक्टर चालता ठेवण्यासाठी लागते ती माहिती, म्हणजे दुरुस्तीची पुस्तिका, दाबाचे आकडे, सुट्या भागांचे क्रमांक आणि ते वाचता येणारा फिटर.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’ची चौकट आखण्यासाठी समिती नेमली. त्यासाठी निवडलेल्या क्षेत्रांत मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने यांच्याबरोबर शेती उपकरणांचाही समावेश होता. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू झाले. कंपन्यांनी पुस्तिका, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकांना आणि त्रयस्थ दुरुस्ती करणाऱ्यांना खुली करावी, हा त्यामागचा विचार. तालुक्याच्या गावातील फिटरला तो उपयोगी पडायचा तर ही माहिती मराठीत आणि उत्पादन बंद झालेल्या मॉडेलसाठीही मिळायला हवी.

तोपर्यंत मालकाच्या हातात एक साधी गोष्ट आहे. गॅरेजमध्ये ‘पंप गेला’ असे ऐकल्यावर पंपाचा भाव विचारण्याआधी तेल पाहिले का, जाळी काढली का आणि गेजवर दाब किती भरला, हे तीन प्रश्न विचारणे. तिसऱ्याचे उत्तर आकड्यात मिळत नसेल, तर ट्रॅक्टर खोलण्याची वेळ अजून आलेली नाही.